विश्वासाचे भांडवल

नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूर हे गाव घरांना दारे नसल्याबद्दल सर्वदूर ख्यात आहे. शनिदेवाच्या धाकाने तेथे चोरी होत नाही अशी श्रद्धा. २०११ साली एका बँकेनेही तेथे आपली शाखा कुलपावाचून उघडली. परंतु याच नगर जिल्ह्याच्या शेतकऱ्याला ज्याने पिढ्यान्‌पिढ्या नागवले, तो दार फोडून कधी आलाच नाही; तो खतावणी घेऊन आला. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांतील रयतेने सावकारांचे कर्जरोखे जाळले ते याच जाचापायी. अशा मुलखातील शेतकऱ्याने घामाचा पैसा पुन्हा दुसऱ्याच्या हाती द्यावा, तोही डोळ्यांनी न पाहिलेल्या कारखान्यासाठी, ही अपेक्षाच धाडसाची होती. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी ती बाळगली आणि तिच्यापायी उभे आयुष्य पणाला लावले.

विठ्ठलरावांचे शालेय शिक्षण बेताचेच. पण कर्जाचा फास कोठे बसतो हे त्यांना पुस्तकावाचून कळत होते. १९२३ साली त्यांनी लोणीत सहकारी पतसंस्था उभी केली. पुढे १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पूर्ण झाले, प्रवरेचे पाट वाहू लागले आणि ऊस वाढला. दैन्य मात्र हटले नाही. गुळाचा भाव बाजाराच्या हाती. आणि १९३२ साली साखरेला संरक्षण मिळाल्यावर जे खाजगी कारखाने जोमाने वाढले, त्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनीच खंडाने घेतल्या. पाणी आले, पीक आले, पण नफ्याची वाट शेतकऱ्याच्या उंबऱ्याशी येत नव्हती. ऊस पिकविणारानेच साखरही करावी, हा विठ्ठलरावांचा विचार या अनुभवातून आला. १९४५ साली बेलापूर रोड येथे बागाइतदारांची परिषद भरली; अध्यक्षस्थानी होते अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ.

खरी कसोटी त्यानंतरची. भागभांडवलासाठी विठ्ठलराव गावोगाव हिंडले. ज्यांच्या पुढे ते पदर पसरत होते ते परके नव्हते; सोयरे होते, शेजारी होते, बाजाराच्या दिवशी रोज भेटणारे होते. कारखाना फसला असता तर भांडवलदार दुसऱ्या शहरी जाऊन दुसरा धंदा काढतो, तशी सोय त्यांना नव्हती. त्यांना लोणीतच राहावयाचे होते. ३१ डिसेंबर १९४८ रोजी संस्थेची नोंदणी झाली, आणि साखर हाती येण्यास १९५० चा डिसेंबर उजाडला. मधली दोन वर्षे लोकांचा पैसा अडकलेला आणि उत्तर देण्यास समोर एकच माणूस! मुंबई सरकारात वैकुंठभाई मेहता यांच्यासारखा सहकाराचा जाणता मंत्री होता, म्हणून सरकारी साहाय्य लाभले हे खरे. पण सरकारी साहाय्य हे गावच्या पैशानंतरचे होते, त्याऐवजी नव्हते.

याहून विलक्षण गोष्ट अध्यक्षपदाची. एवढी यातायात करून उभा केलेला कारखाना, पण त्याच्या अध्यक्षाच्या खुर्चीवर पहिले दशकभर बसले ते गाडगीळ. हिशेबाला विद्वानाची नजर हवी आणि कर्ज देणाऱ्यांना खात्री वाटेल असे नाव हवे, हे विठ्ठलरावांनी ओळखले होते. स्वतःच्या उणिवेची अशी रोखठोक मोजणी करणारे कर्ते पुरुष फार नसतात. पुढे राज्यभर जे सहकारी कारखाने निघाले, त्यांच्या खुर्च्यांसाठी झालेल्या लढाया पाहता ही गोष्ट अधिकच जाणवते.

१९६१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९६४ साली प्रवरेच्या परिसरात शिक्षणसंस्था निघाली. ज्या पोरांच्या बापांनी सावकाराच्या कागदावर न वाचताच अंगठे उठविले होते, ती पोरे तिच्या वर्गांत बसली. १९८० साली विठ्ठलराव गेले, तेव्हा महाराष्ट्रात ठिकठिकाणी सहकारी कारखान्यांची धुराडी उभी होती.