खुर्चीतला व्याकरणकार

इंग्रजी शब्दाची जात ओळखण्याच्या युक्त्या ज्याच्या पुस्तकाने घरोघर पोचवल्या, तो लिंडले मरे पेशाने मास्तर नव्हताच. 1745 साली पेनसिल्व्हेनियात जन्मलेला हा क्वेकर पंथीय न्यूयॉर्कला वकिली करी, पुढे व्यापारात शिरला. पैसा मिळाला, पण पायांतले बळ गेले. 1784 मध्ये प्रकृतीसाठी तो इंग्लंडला आला आणि यॉर्कजवळ होलगेटला राहिला.

तिथल्या मुलींच्या शाळेतल्या शिक्षिकांनी गळ घातली, म्हणून 1795 मध्ये त्याने ‘इंग्लिश ग्रामर’ काढले. पुष्कळसे बिशप लाउथ आदी पूर्वसूरींचे. मरेने ते निवडून, पाखडून मांडले. नक्कल म्हणून कोणी नाक मुरडो. मला ती निवडच मोलाची वाटते. शब्दापुढे ‘थिंग’ जोडून अर्थ लागला की विशेषण, आधी ‘टू’ लावून लागला की क्रियापद. म्हणून ‘टू वॉक’मधले ‘वॉक’ क्रियापद आणि ‘अ वॉक’मधले नाम! जाती त्याने नऊ धरल्या. त्यांतली ‘अ’, ‘द’ची जात वगळली, की आपल्या शाळेतल्या आठ उरतात.

पुस्तक अफाट खपले. मिळकत त्याने दानधर्माला दिली. अखेरची कित्येक वर्षे त्याला घराचा उंबराही ओलांडता आला नाही. 1826 मध्ये तो होलगेटलाच वारला.