आनंदीबाई जोशी : परदेशगमन आणि स्वत्व

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत तीर्थ, तप आणि दान या विषयांवर अधिकारी व्यक्तींचे लेख असणारच. माझ्यासारख्या कापड-व्यापाऱ्याने त्यांत भर घालण्याऐवजी आज समाजातील अनेक कुटुंबांपुढे उभ्या असलेल्या एका प्रश्नाशी निगडित असे चरित्र सादर करावे, असे मनात आले. आपली मुले-मुली आता उच्च शिक्षणासाठी अमेरिका, कॅनडा, जर्मनी, ऑस्ट्रेलिया अशा देशांत जातात. फी, बँकेचे कर्ज आणि व्हिसा यांची तजवीज झाली की घरातील वडीलधाऱ्यांच्या ओठांवर एकच प्रश्न असतो : तेथे हा खाईल काय, आणि परत येईल तेव्हा आपला राहिलेला असेल काय? कंदमुळे वर्ज्य आणि सूर्यास्तापूर्वी भोजन, हे नियम ज्या घरात आहेत तेथे हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. हाच प्रश्न सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वी एका अठरा वर्षांच्या मराठी मुलीपुढे होता. ती जैन नव्हती, परंतु तिच्या शिक्षणाचा काही काळ आपल्याच जिल्ह्यात, अलिबागेस गेला.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याण येथील जोशी घराण्यात झाला. माहेरचे नाव यमुना. वयाच्या नवव्या वर्षी त्यांचा विवाह टपाल खात्यात नोकरीस असलेल्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव विधुर होते व वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे. पत्नीस शिकविण्यास कोणी हरकत घेऊ नये, अशी अट त्यांनी विवाहापूर्वीच घातली होती. गृहस्थ हट्टी व तापट होते, परंतु दिलेला शब्द पाळणारे होते. कल्याणास नातलगांच्या गराड्यात अभ्यास होईना, म्हणून त्यांनी बदली मागून घेतली व बिऱ्हाड अलिबागेस हलविले. त्या काळी आपला जिल्हा कुलाबा या नावाने ओळखला जाई. रायगड हे नाव १९८१ मध्ये आले. मुंबईशी येथील दळणवळण समुद्रमार्गे व खाड्यांतून चाले, आणि आपले नागोठणेही अंबा नदीवरील बंदर म्हणून गजबजलेले असे. अशा या आडबाजूच्या मुलखात, सासर-माहेरच्या नजरांपासून दूर, त्या मुलीचे वाचन-लेखन मार्गी लागले.

पुढे, वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांस पुत्र झाला आणि अवघ्या दहा दिवसांत गेला. योग्य वैद्यकीय उपचार मिळाले असते तर मूल वाचते, ही जाणीव त्यांच्या मनात रुतून बसली. पुरुष डॉक्टरपुढे स्त्रिया संकोचाने आपले दुखणे सांगत नसत आणि स्त्री डॉक्टर देशात जवळजवळ नव्हतीच. आपण डॉक्टर व्हावे, हा निश्चय तेथून झाला. परदेशी शिक्षणाचा हेतू इतका स्पष्ट असणे ही मोठी जमेची बाजू असते. आज पुष्कळदा मित्र निघाला म्हणून आपणही निघावे, असा प्रकार पाहावयास मिळतो. मग तेथील पहिल्याच हिवाळ्यात मन खचते.

१८७८ साली गोपाळरावांनी कोल्हापुराहून एका अमेरिकन मिशनऱ्यास पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी साहाय्य मागितले. उत्तर आले ते धर्मांतराच्या सल्ल्याचे. तो पत्रव्यवहार अमेरिकेतील एका मिशनरी नियतकालिकात छापला गेला आणि १८८० मध्ये न्यू जर्सी राज्यातील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांनी तो दंतवैद्याकडे पाळीची वाट पाहत असताना वाचला. या अपरिचित बाईने कोणतीही अट न घालता पत्र लिहिले. पुढे तीन वर्षे दोघींत पत्रे चालली. आनंदीबाई त्यांस मावशी म्हणू लागल्या. अमेरिकेत पाऊल ठेवण्यापूर्वी तेथे त्यांचे एक घर तयार झाले होते ते असे.

निघण्यापूर्वीचा एक प्रसंग महत्त्वाचा आहे. गोपाळरावांची बदली तेव्हा बंगालमधील श्रीरामपूर येथे झाली होती. समुद्र ओलांडणे निषिद्ध मानले जाई आणि एकट्या विवाहित स्त्रीने ते करणे कल्पनेपलीकडचे होते. लोकांची कुजबुज वाढली, तेव्हा आनंदीबाईंनी फेब्रुवारी १८८३ मध्ये तेथील महाविद्यालयात भरसभेत इंग्रजीतून भाषण केले. आपण का जात आहोत, एकट्या का, जातीने बहिष्कार घातला तर काय करणार, या प्रश्नांना त्यांनी एकामागून एक उत्तरे दिली. आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, आहार व आचार सोडणार नाही, असे त्यांनी सर्वांसमक्ष सांगितले. टपाल खात्यातील वरिष्ठांनी त्यानंतर वर्गणी जमविली; तरी प्रवासखर्चासाठी हातातल्या सोन्याच्या बांगड्या विकाव्या लागल्याच.

७ एप्रिल १८८३ रोजी ‘सिटी ऑफ कॅल्कटा’ या बोटीने त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि इंग्लंडमार्गे ४ जून रोजी न्यूयॉर्कला पोहोचल्या. सोबत मिशनरी स्त्रिया होत्या. त्यांच्याकडून ममतेची अपेक्षा होती, परंतु वाट्यास आला तो मुख्यतः धर्मांतराचा आग्रह. बोटीवर शाकाहारी असे फारच थोडे मिळे. बंदरावर कार्पेंटरबाई स्वतः उतरवून घेण्यास आल्या होत्या, त्यामुळे प्रवासातील मनस्ताप मागे पडला. रोझेलच्या त्या उन्हाळ्यात आनंदीबाईंनी यजमानांच्या घरातील मुलींना आपली भाषा व रीती शिकविल्या, तसेच शेजाऱ्यापाजाऱ्यांना हिंदुस्थानी पद्धतीचे जेवणही करून घातले. आपला आचार लपवून ठेवण्याऐवजी तो दुसऱ्यास समजावून देण्याची ही रीत मला फार मोलाची वाटते.

ऑक्टोबर १८८३ मध्ये त्यांनी फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हानियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. १८५० साली स्थापन झालेली ही संस्था स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय महाविद्यालयांत जगातील आद्य मानली जाते. प्राचार्या रेचल बॉडली यांनी तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्ती मंजूर केली. १८८५ मधील एक छायाचित्र प्रसिद्ध आहे : साडी नेसलेल्या आनंदीबाई, किमोनोतील जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लांबुली, तिघीही आपापल्या देशाच्या पोशाखात.

आता माझ्या धंद्यातील एक बाब. आनंदीबाई देशातून निघाल्या त्या नऊवारीत. नऊवारी लुगडे काष्टा घालून नेसले की मागून पोटऱ्या उघड्या राहतात. कोकणच्या दमट हवेत चालण्या-काम करण्यास याहून सोयीचे नेसणे नाही, पण बर्फाच्या मुलखात त्याचा निभाव लागणे कठीण. तेव्हा आनंदीबाईंनी नऊवारी बाजूस ठेवून गुजराती पद्धतीची गोल साडी स्वीकारली. हिच्यात घोट्यापर्यंत पाय झाकले जातात आणि आत उबेसाठी परकर घालता येतो. पाश्चात्त्य झगा त्यांनी घेतला नाही. साडी सोडली नाही, नेसण्याची तऱ्हा बदलली. काय बदलावे आणि काय बदलू नये, याचा याहून सुटसुटीत नमुना मला तरी माहीत नाही. पोशाखाविषयी त्यांस गोपाळरावांना पत्रातून खुलासा करावा लागे. हजारो मैलांवरून पती संशयाची व बोचरी पत्रे पाठवीत आणि त्या अभ्यासाच्या रगाड्यातून त्यांना शांतपणे उत्तरे लिहीत. ज्याने पाठविले त्यालाच धाकधूक! परदेशी असलेल्या मुलांना दररोज फोन करून जाब विचारणाऱ्या आजच्या पालकांनी ही पत्रे अवश्य आठवावीत.

आहाराचा नियम मात्र त्यांनी पुरता पाळला. मांसाहार केला नाही. स्वयंपाक आपला आपण केला. फिलाडेल्फियातील प्रारंभीच्या खोलीतील शेगडी नीट पेटत नसे. पेटवावी तर खोलीभर धूर, न पेटवावी तर गारठा. दिवसभर व्याख्याने व शवविच्छेदन, रात्री वाचन आणि मधल्या वेळेत एकटीसाठी रांधणे. जेवणाची आबाळ झाली. शाकाहारानेच त्या दगावल्या, असे म्हणणारे तेव्हाही होते व आजही आढळतात. हे मत मला मान्य नाही. डोकेदुखी व ताप यांनी त्या श्रीरामपुरासच त्रस्त होत्या आणि अखेरचा आजार क्षयाचा होता. क्षयाचे जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली दाखवून दिले. त्यावरील पहिले प्रभावी औषध स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडले. मांसाहार करणारे असंख्य लोकही या रोगाने त्या काळी जात होते. दोष द्यावयाचाच तर एकाकी राहण्याच्या व्यवस्थेस द्यावा. शाकाहारी विद्यार्थ्यास तेथे रांधून देणारे कोणी नव्हते आणि जे स्वजन देशात होते ते प्रायश्चित्ताच्या गोष्टी करीत होते.

आपल्या समाजाचा इतिहासही याबाबतीत तपासून पाहण्यासारखा आहे. १८८८ साली मोहनदास गांधी विलायतेस निघाले, तेव्हा मद्य, मांस व परस्त्री यांच्या त्यागाची प्रतिज्ञा त्यांना बेचरजी स्वामी या जैन मुनींनी दिली आणि त्यामुळेच मातुःश्रींनी अनुमती दिली. लंडनमध्ये शाकाहारी उपाहारगृह सापडेपर्यंत त्यांनी अर्धपोटी दिवस काढले. १८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेसाठी पूज्य आत्मारामजी महाराजांना निमंत्रण आले. साधूंना वाहनप्रवास वर्ज्य, म्हणून त्यांनी महुव्याचे वीरचंद राघवजी गांधी यांस तयार करून धाडले. वीरचंदभाई काठियावाडी पगडी बांधून त्या सभेत उभे राहिले, शाकाहार पाळला, जैन दर्शनावर गावोगाव व्याख्याने दिली. परतल्यावर समाजातील एका वर्गाने समुद्रगमनाबद्दल त्यांना विरोध केला. १९०१ साली, वयाची चाळिशी गाठण्यापूर्वीच ते निवर्तले. आज शिकागोच्या जैन मंदिरात त्यांचा पुतळा आहे. अमेरिकेतील अनेक शहरांत आता जैन संघ व मंदिरे असल्याने आपल्या विद्यार्थ्यास पर्युषणात एकटे राहावे लागेलच असे नाही. तेथील संघाचा पत्ता प्रवेशपत्राबरोबरच मिळवून ठेवावा.

आनंदीबाईंनी पदवीसाठी प्राचीन हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा विषय निवडला. आपल्या आयुर्वेदीय ग्रंथांतील ज्ञान त्यांनी पाश्चात्त्य परीक्षकांपुढे ठेवले. ११ मार्च १८८६ रोजी त्यांस एम.डी. पदवी मिळाली. समारंभास पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. गोपाळरावही आदल्या वर्षी अमेरिकेत पोहोचले होते. मात्र तेथील समाजावर टीका करणारी त्यांची जाहीर भाषणे पत्नीस संकोचात टाकणारीच ठरली.

कोल्हापूर संस्थानाने अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाची जबाबदारी त्यांस देऊ केली होती. त्या आनंदात, परंतु खोकला व ताप सोबत घेऊनच, त्या निघाल्या आणि १६ नोव्हेंबर १८८६ रोजी मुंबईस उतरल्या. बहिष्काराचे भय होते. प्रत्यक्षात स्वागत झाले. लोकमान्य टिळक यांनी शंभर रुपयांची मदत पाठविली. परंतु कोल्हापूरचे काम त्यांच्या हातून व्हावयाचे नव्हते. पुण्यात वैद्यांचे उपचार सुरू असता २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्यास महिनाभर असताना, त्यांचे देहावसान झाले. एकाही रुग्णेस त्या स्वतंत्रपणे तपासू शकल्या नाहीत.

पुढच्याच वर्षी अमेरिकेत कॅरोलिन डॉल यांनी त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. मराठीत काशीबाई कानिटकरांचे चरित्र व १९६८ मधील श्री. ज. जोशी यांची कादंबरी ‘आनंदी गोपाळ’ ही दोन पुस्तके आजही वाचली जातात. गोपाळरावांनी पत्नीच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठविल्या. न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी गावच्या स्मशानभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत त्या ठेवल्या आहेत. तेथील दगडावर त्यांचे नाव, एम.डी. ही पदवी आणि शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडून जाणाऱ्या त्या पहिल्या ब्राह्मण स्त्री होत, एवढी नोंद कोरलेली आहे.