रुग्णाच्या झोपेची राखण करणारी परिचारिका

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात एका संपन्न इंग्रज कुटुंबात झाला. घरच्यांचा विरोध पत्करून त्या रुग्णसेवेकडे वळल्या. क्रिमियन युद्धात, नोव्हेंबर १८५४ मध्ये, ३८ परिचारिकांसह त्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात दाखल झाल्या. रात्री दिवा घेऊन जखमी सैनिकांमधून फिरणारी त्यांची मूर्ती जगाच्या स्मरणात राहिली.

पुढच्याच वर्षी तापाने त्यांना गाठले. त्यातून त्या वाचल्या. मात्र मायदेशी परतल्यावर त्यांची अनेक वर्षे अंथरुणात गेली. आजाऱ्याची बेचैनी त्यांनी स्वतः भोगली होती. १८५९ मधील ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या पुस्तकात त्यांनी गोंगाटावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. रुग्णाला पहिल्या झोपेतून उठवू नये, कारण मोडलेली ती झोप सहसा परत येत नाही. दाराशी कुजबुजू नये, कारण अर्धवट कानी पडलेले बोलणे मनात भीती पेरते. परिचारिकेने आपण केव्हा परतणार हे सांगून जावे, कारण अनिश्चितता श्रमांहून अधिक थकवते. खाटेवरून खिडकीबाहेरचे दिसावे, जवळ फुले असावीत आणि पोकळ धीर कोणी देऊ नये, असा त्यांचा आग्रह होता.

१८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांचे परिचर्या विद्यालय सुरू झाले. १३ ऑगस्ट १९१० रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी सुचवलेल्या या उपायांना औषधाच्या चिठ्ठीची गरज नव्हती. गरज होती ती रुग्णाच्या जागी स्वतःला ठेवून पाहण्याची.