अबोध मन आणि न्यायासन

गुन्ह्यामागील अबोध प्रेरणांची चर्चा न्यायालयात निघाली, की सिग्मंड फ्रॉइड यांचे नाव हटकून घेतले जाते. परंतु अबोध मनाच्या या संशोधकाने न्यायासनापुढे पाळलेला संयम मात्र क्वचितच स्मरला जातो.

फ्रॉइड यांचा जन्म ६ मे १८५६ रोजी मोरेव्हियातील फ्रायबेर्ग येथे झाला. शालेय वयात त्यांचा ओढा काही काळ कायद्याकडे होता. पण १८७३ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठात त्यांनी वैद्यकशाखा पत्करली. पुढे हिस्टेरियाच्या रुग्णांवर उपचार करतानाच मनोविश्लेषणाची पद्धत आकारास आली.

१९०६ साली व्हिएन्नात कायद्याच्या विद्यार्थ्यांपुढे त्यांनी व्याख्यान दिले. आरोपीला निवडक शब्द ऐकवावयाचे आणि त्याच्या प्रतिसादावरून गुन्ह्याचा माग काढावयाचा, असे प्रयोग तेव्हा चालू होते. फ्रॉइड यांनी सावध केले. गुन्हेगार आपले गुपित जाणूनबुजून दडवितो. रुग्णाचे गुपित त्याला स्वतःलाही ठाऊक नसते. शिवाय अपराधगंडाने पछाडलेला निरपराध मनुष्यही गुन्हेगारासारखाच गडबडून जाईल.

या इशाऱ्याची प्रचीती दोन तपांनंतर आली. १९२८ मध्ये टायरॉलच्या डोंगरात भ्रमंती करताना रिगा येथील एका गृहस्थाचा मृत्यू झाला आणि सोबत असलेल्या त्यांच्या विद्यार्थी मुलावर, फिलिप हाल्समन याच्यावर, पितृहत्येचा आरोप आला. इन्सब्रुक येथे तो दोषी ठरला. त्या खटल्यातील वैद्यकीय अहवालात ईडिपस गंडाचाही आधार घेण्यात आला होता. १९३० मध्ये त्याला माफी मिळाली. दोषाचा डाग मात्र पुसला गेला नाही. तो पुसावा म्हणून झटणाऱ्या कायद्याच्या एका प्राध्यापकांनी फ्रॉइड यांचे मत मागविले. आपलाच सिद्धान्त असूनही त्यांनी तो येथे निरुपयोगी ठरविला. जो गंड प्रत्येकाच्या ठायी असतो, तो एकाच्या अपराधाचा पुरावा कसा होणार? आधी हत्या वस्तुनिष्ठ पुराव्याने सिद्ध व्हावी; हेतूची मीमांसा त्यानंतर, असा त्यांच्या मताचा आशय होता.

१९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर फ्रॉइड यांना लंडनचा आश्रय घ्यावा लागला. तेथेच २३ सप्टेंबर १९३९ रोजी त्यांचे निधन झाले. हाल्समन पुढे छायाचित्रकार म्हणून जगप्रसिद्ध झाला. फ्रॉइड यांचे अनेक सिद्धान्त आज वादग्रस्त आहेत. तथापि मनातील सुप्त इच्छेसाठी कोणालाही शिक्षा देता येत नाही, हा त्यांनी जपलेला विवेक न्यायाला आजही सोडता येणार नाही.