न्यायमूर्ती सर गुरुदास बंद्योपाध्याय

मोठे पद लाभले की मनुष्याची राहणी पालटते आणि राहणीबरोबर बहुधा मनही पालटते. कलकत्त्याचे न्यायमूर्ती सर गुरुदास बंद्योपाध्याय यांचे चरित्र या नियमाला पावन अपवाद आहे.

त्यांचा जन्म २६ जानेवारी १८४४ रोजी कलकत्त्यातील नारिकेलडांगा येथे एका सामान्य स्थितीच्या ब्राह्मण कुटुंबात झाला. बालपणीच पितृछत्र हरपले. माता सोनामणिदेवी यांनी मोठ्या कष्टाने, पण कडक शिस्तीत त्यांना वाढविले. मातेची आज्ञा हाच गुरुदासांचा पहिला कायदा होता.

गणितात एम. ए. होऊन त्यांनी कायद्याची परीक्षा दिली. बहरमपूर येथे अध्यापन व वकिली केल्यावर १८७२ साली ते कलकत्ता उच्च न्यायालयात आले. विलायतेस जाऊन बॅरिस्टर होणे त्या काळी प्रतिष्ठेचे समजले जाई; गुरुदासांनी मात्र स्वदेशातील विद्येच्याच बळावर कीर्ती मिळविली. हिंदू विवाह व स्त्रीधन या विषयांवरील त्यांची व्याख्याने विद्वन्मान्य झाली. १८८८ साली ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि १८९० साली कलकत्ता विश्वविद्यालयाचे पहिले भारतीय कुलगुरू.

एवढा अधिकार लाभूनही गंगास्नान, संध्यावंदन व साधा आहार हा त्यांचा नित्यक्रम सुटला नाही. बंगालात त्यांच्याविषयी एक कथा सांगतात. लहानपणी त्यांना दूध पाजणारी वृद्ध दाई एकदा गंगास्नान करून ओल्या वस्त्रांनीच न्यायालयाच्या दाराशी आली. पहारेकरी तिला आत सोडीना. दृष्टी जाताच न्यायमूर्ती आसनावरून उतरले आणि सर्वांदेखत त्यांनी तिला साष्टांग प्रणाम केला.

ही नम्रता दुबळी नव्हती. १९०२ च्या विश्वविद्यालय आयोगात, गरीब विद्यार्थ्यांना उच्च शिक्षण दुर्लभ होईल अशा शिफारशींना त्यांनी आपली भिन्न मतपत्रिका जोडून निर्भयपणे विरोध केला. १९०४ साली, वयाच्या साठाव्या वर्षी, त्यांनी न्यायासन सोडले आणि १९०६ साली राष्ट्रीय शिक्षण परिषदेच्या कार्यास हातभार लावला. अंतकाळ जवळ आला हे जाणून ते गंगातीरी जाऊन राहिले. तेथेच २ डिसेंबर १९१८ रोजी त्यांनी देह ठेवला.

न्यायासनावर बसण्याचा योग थोड्यांनाच येतो. पण ज्यांनी आपल्याला वाढविले त्यांच्यापुढे मस्तक नमविण्याची संधी प्रत्येक गृहस्थाला आपल्या घरीच नित्य लाभते. ती आपण दवडीत तर नाही ना?