पाळकाची खतावणी

बँकेच्या नोकरीत माणूस गावोगाव हिंडतो आणि प्रत्येक गाव त्याच्या हातावर काही ना काही ठेवते. मला पारोळ्याने रेव्हरंड नारायण वामन टिळक दिले. वाचकांना याचे नवल वाटेल. टिळक जन्माने कोकणातले, त्यांचे बरेचसे काम अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात झाले. आणि पारोळा म्हटले की आठवतो भुईकोट किल्ला, बालाजीचा रथ आणि झाशीच्या राणीच्या माहेरचे तांबे घराणे. पण झाले ते असे.

नव्वदीच्या दशकात मी पारोळ्याच्या शाखेत अधिकारी होतो. बाजाराच्या दिवशी काउंटरपुढे अहिराणीचा नुसता गलका असे. त्या गर्दीत महिन्यातून एकदा एक वयस्कर गृहस्थ येत. धुवट पांढरा सदरा, खांद्याला झोळी, कुणाला धक्का न लावता रांगेत उभे राहणारे. तालुक्यातल्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीचे ते पाळक होते. आपण ज्याला पाद्री म्हणतो त्याला मराठी ख्रिस्ती माणसे पाळक म्हणतात. मेंढरे सांभाळणारा तो पाळक. हे पाळक स्वतःच्या खात्यातून थोडे पैसे काढत आणि तेवढेच पैसे दुसऱ्याच कुणाच्या तरी कर्जखात्यात भरून जात. ते खाते त्यांच्या मंडळीतल्या एका शेतमजुराचे होते. त्याने शेळ्यांसाठी कर्ज घेतले, शेळ्या रोगाने गेल्या, हप्ते तेवढे राहिले. पाळक त्याला जामीनसुद्धा नव्हते.

तीन-चार महिने पाहिल्यावर मी त्यांना आत बोलावले आणि चार शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या. अशाने त्या माणसाला सवय लागेल, उद्या दुसरा दारात येईल, आणि तुमचा पगार तो केवढा! त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग हसून म्हणाले की, साहेब, आमच्यात हिशेबात फार कच्चा असलेला एक मोठा माणूस होऊन गेला, त्याच्याविषयी जरा वाचा. पुढच्या महिन्यात त्यांनी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ माझ्या टेबलावर आणून ठेवली. शाळेत त्यातला एक उतारा तेवढा वाचलेला होता. त्या रात्री पुस्तक हाती घेतले आणि पहाटेपर्यंत खाली ठेवले नाही.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. वडील सरकारी नोकर आणि स्वभावाने करडे. आई जानकीबाई भाविक. आई लवकर गेली आणि पोरक्या नारायणाचे घरात मन रमेना. तो नाशिकला आला, गणेशशास्त्री लेल्यांकडे संस्कृत शिकला, थोडे इंग्रजी शिकला. १८८० साली नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मुलीशी त्याचे लग्न झाले. तीच पुढे लक्ष्मीबाई म्हणून महाराष्ट्राला माहीत झाली. पण संसार असा मांडलाच जात नव्हता. आज या गावी मास्तरकी, उद्या त्या गावी व्याख्यान, परवा कुठल्याशा मासिकाचे संपादन. मनात आले की उठावे आणि घर सोडून निघून जावे. खरे सांगतो, उमेदवारीचा असा अर्ज माझ्यापुढे आला असता तर मी तो बाजूलाच ठेवला असता.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन सहप्रवाशाशी त्यांच्या गप्पा झाल्या. उतरताना त्याने नव्या कराराची प्रत हाती ठेवली. त्यातल्या डोंगरावरच्या प्रवचनाने टिळकांना धरून ठेवले. पुढची दोन वर्षे मनाची ओढाताण झाली आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या काळच्या एका चित्पावन घरावर काय आकाश कोसळले असेल याची कल्पनाच केलेली बरी. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन नातेवाइकांच्या आश्रयाला राहिल्या. जवळजवळ पाच वर्षे नवराबायको वेगळी राहिली.

इथपर्यंतची कथा बहुतेकांना माहीत असते. मला त्या रात्री खिळवून ठेवले ते पुढच्या भागाने. लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परत आल्या त्या आपले सोवळेओवळे घेऊनच. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे. तुम्ही ख्रिस्ती झालात तर झालात, मी होणार नाही, असा बाणा. टिळक मोठे शीघ्रकोपी. रुसवेफुगवे, वादावादी सगळे झाले. पण बाप्तिस्मा घे म्हणून त्यांनी बायकोवर सक्ती केली नाही. माणूस आपल्या पायांनी चालत आला पाहिजे, हे त्यांनी स्वतःच्या घरात पाळले. लक्ष्मीबाईंनी स्वतः विचार केला, देवाने काही जाती निर्माण केल्या नसाव्यात असे त्यांचे त्यांनाच पटले, आणि मग १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. हाताखालच्या माणसाला हुकूम सोडणे सोपे असते. तो वाट पाहण्याइतका आपला आहे असे मानणे फार अवघड. माझ्या मते पाळकपणाचा पहिला धडा टिळकांनी इथे गिरवला. मंडळीचे पाळक म्हणून त्यांना रीतसर दीक्षा मिळाली ती त्यानंतर चार वर्षांनी, १९०४ साली.

दुसरा धडा भाषेचा. त्या वेळी मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत गायली जाणारी कितीतरी गीते इंग्रजीवरून उतरवलेली असत आणि चालीही परक्या. खेड्यातून आलेल्या, जात्यावर ओव्या गाणाऱ्या बाईने त्या कशा गाव्यात? टिळक ज्ञानोबा-तुकोबांवर वाढलेले. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते उघडपणे मानत. त्यांनी अभंग रचले, पदे रचली, आरत्या रचल्या, हातात टाळ-चिपळ्या घेऊन ख्रिस्ताचे कीर्तन केले. मराठी ख्रिस्ती लोकांच्या ‘उपासना-संगीत’ या पुस्तकात त्यांची गीते आजही मोठ्या संख्येने आहेत आणि दर रविवारी गायली जातात. व्यासपीठावर उत्तम बोलणारे पुष्कळ असतात. पण आपण गेल्यावर लोकांना स्वतःच्या तोंडाने प्रार्थना करता येईल, अशी शिदोरी मागे ठेवणारा पुढारी विरळा.

तिसरा धडा आमच्या खानदेशाशी जोडलेला आहे. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले. डॉक्टर कीर्तिकर अध्यक्ष होते आणि टिळक त्यात पुढाकाराने वावरत होते. तिथे धरणगावचा सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा उभा राहिला आणि त्याने आपल्या कवितेने सभा जिंकली. त्र्यंबक बापूजी ठोंबरे त्याचे नाव. त्याच संमेलनात तो बालकवी झाला. पारोळ्याहून एरंडोल ओलांडले की धरणगाव काही लांब नाही. म्हणजे हे आमचे शेजारचेच पोर. टिळकांनी त्याला पुढे नगरला आपल्या घरी ठेवून घेतले, लक्ष्मीबाईंनी त्याचे हट्ट पोटच्या मुलासारखे पुरवले. त्याला धर्म बदल असे कुणी म्हटले नाही. बालकवी अखेरपर्यंत हिंदूच राहिले आणि ते घरही अखेरपर्यंत त्यांचे राहिले. ५ मे १९१८ रोजी जळगावजवळच्या भादली स्टेशनात रेल्वेखाली बालकवींचा अंत झाला, तेव्हा त्या घरावर जणू मुलगा गेल्याचीच अवकळा आली असेल. आपल्या कळपात न आलेल्या कोकरालाही ऊब देतो तो पाळक.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे नुसते आरतीचे ताट होईल. व्यवहारात टिळक पार कच्चे. हातात पैसा टिकत नसे. समोर गरजू दिसला की खिसा रिकामा. उद्याच्या पिठामिठाची चिंता लक्ष्मीबाईंनी करायची. त्यातच दुष्काळात पोरकी झालेली मुले घरी आणलेली. पंगत वाढतच जायची. हे घर चालले ते लक्ष्मीबाईंच्या काटकसरीवर, हजरजबाबीपणावर आणि विनोदबुद्धीवर. टिळकांचा राग तर घरादाराला ठाऊक. पण राग ओसरला की तेच जाऊन क्षमा मागत, मग समोरचा माणूस वयाने वा मानाने कितीही लहान असो.

हे वाचताना मला माझीच एक गोष्ट आठवली आणि मी पुस्तक मिटून बसलो. एका संध्याकाळी रोकड जुळेना, तेव्हा मी एका तरुण कॅशियरला सगळ्यांदेखत वाट्टेल तसे बोललो होतो. दुसऱ्या दिवशी चूक सापडली आणि ती त्याची नव्हती, नोंद मीच चुकीची केली होती. मी नोंद दुरुस्त केली. त्याची क्षमा मात्र मागितली नाही. साहेबाने कसे वाकायचे! पुढे त्याची बदली झाली आणि ते तसेच राहून गेले. मी तेरीज नेहमी जुळवली. ही एक बाकी मात्र अजून माझ्या नावावर आहे.

१९१२ पासून टिळक ‘ज्ञानोदय’ या जुन्या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादक होते. नाव होते, मिशनचा पगार होता. पण मनाला एक गोष्ट सतत खुपत होती. इथली मंडळी परदेशी पैशावर आणि परदेशी हुकमावर किती दिवस चालायची? पगार घेणाऱ्या पाळकाचे खरे धनी कोण, मंडळी की मिशन? १९१७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, साताऱ्याला बिऱ्हाड केले आणि देवाचा दरबार सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्तावर प्रेम करणारे सगळे एका सतरंजीवर बसतील असे ते स्वप्न होते. जेमतेम दोन वर्षे मिळाली. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले आणि त्यांच्यामागे दरबार फार काळ टिकला नाही.

बँकवाल्याच्या नजरेने पाहिले तर कारण उघड आहे. ना निधी, ना घटना, ना पुढचा कारभारी तयार केलेला. पण त्याच टिळकांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ कुणी पुरे केले? फारशी शाळा न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी. १९३६ साली त्या गेल्या, तोवर ‘स्मृतिचित्रे’ लिहून त्यांनी नवऱ्याला, त्याच्या गुणदोषांसकट, मराठी माणसाच्या घराघरांत नेऊन बसवले होते. म्हणजे टिळकांनी कारभारी तयार केला होता. फक्त तो दरबारात नव्हता, स्वयंपाकघरात होता.

पारोळ्याच्या त्या पाळकांची वर्षभराने बदली झाली. खाते बंद करायला आले तेव्हा मी पुस्तक परत केले आणि टिळकांच्या हिशेबाचे कोडे मला सुटत नाही असे म्हणालो. त्यांनी झोळीतून एक लहानशी वही काढून माझ्यापुढे उघडून ठेवली. डाव्या पानावर त्या शेतमजुरासाठी भरलेला प्रत्येक हप्ता, तारखेनिशी. उजव्या पानावर त्याने फेडलेले : उपासनामंदिराचे कुंपण दोन दिवस, एका विधवेच्या घराची शाकारणी एक दिवस, रोख पंधरा रुपये. प्रत्येक नोंदीखाली त्याची वेडीवाकडी सही. ही सही करायलाही पाळकांनीच त्याला शिकवले होते. ते म्हणाले की द्यायचे कसे ते मी टिळकांकडून शिकलो आणि लिहून ठेवायचे कसे ते लक्ष्मीबाईंकडून.

दान दिले असते तर तो माणूस मिंधा झाला असता. वसुली केली असती तर मोडून पडला असता. पाळकांनी त्याला ताठ उभे ठेवले होते, आणि मी वर्षभर त्यांना व्यवहार शिकवायला निघालो होतो.

पुढच्या महिन्यात बाजाराच्या दिवशी तो शेतमजूर एकटाच रांगेत उभा दिसला. हप्त्याला थोडे पैसे कमी होते. स्लिपवर त्याने सावकाश, एकेक अक्षर जुळवत सही केली. रांग खोळंबली होती, मागचे लोक कुरकुरत होते. मी काउंटरपाशी जाऊन त्यांना जरा थांबायला सांगितले.