सखाराम पंडितांचा खटला

अकोल्याच्या माझ्या नणंदेचा मुलगा अमेरिकेत आहे. तिचा फोन आला की पहिली दहा मिनिटं व्हिसाचीच. मुदत वाढली का, ग्रीन कार्डाचा नंबर कुठवर आला, सुनेला नोकरी करता येते का. आपल्या अमरावती-अकोल्यात अशी घरं आता शोधावी लागत नाहीत, गल्लीतलं एक तरी लेकरू तिकडं असतंच. पण तिकडच्या कोर्टात आपल्या लोकांसाठी शंभर वर्षांपूर्वी कोण उभं राहिलं होतं, हे विचारलं तर आपण एकमेकींच्या तोंडाकडं बघू. त्यांचं नाव सखाराम गणेश पंडित. नाव अगदी शेजारच्या वाड्यातलं वाटतं की नाही?

पंडितांचा जन्म १८७५ चा. १९०६ साली ते अमेरिकेत गेले. तत्त्वज्ञानावर व्याख्यानं देत फिरले आणि पुढं लॉस एंजेलिसला स्थिरावले. १९१४ साली त्यांनी तिथल्या कोर्टाकडं नागरिकत्व मागितलं. तेव्हा १७९० चा कायदा चालायचा. परदेशातून आलेला माणूस गोरा असेल तरच नागरिक होऊ शकत होता. १८७० मध्ये त्यात आफ्रिकन वंशाच्या लोकांना जागा मिळाली, पण हिंदी माणूस कशात बसतो हे ज्या त्या न्यायाधीशाच्या मनावर. पंडितांच्या अर्जाला सरकारनं हरकत घेतली. तरी न्यायाधीशांनी अर्ज मंजूर केला आणि सरकार वरच्या कोर्टात गेलं नाही. मैत्रिणींनो, ही बारीकशी गोष्ट लक्षात ठेवा, पुढं तीच कामाला येणार आहे.

१९१७ साली त्यांना वकिलीची सनद मिळाली, १९२० साली लिलियन नावाच्या गोऱ्या अमेरिकन बाईशी लग्न झालं. घर झालं, वकिली चालू लागली.

मग आला भगतसिंग थिंद यांचा खटला. थिंद हे पंजाबातून गेलेले शीख, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या फौजेत भरती झालेले. त्यांना मिळालेलं नागरिकत्व काढून घ्यावं म्हणून सरकार भांडत होतं. जानेवारी १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टात थिंद यांच्या बाजूनं पंडित उभे राहिले. युक्तिवाद असा होता, की वंशशास्त्राची पुस्तकं उत्तर हिंदुस्थानातल्या लोकांना कॉकेशियन म्हणतात, आणि कॉकेशियन म्हणजे गोरे. इथपर्यंत ठीक. पण त्याच मांडणीत उच्च जातीच्या आर्य रक्ताचाही आधार घेतला गेला. वरच्या जातीचे हिंदू खालच्यांशी सोयरीक करत नाहीत, म्हणून त्यांचं रक्त शुद्ध, असं. हे वाचून मी थांबलेच. ज्या अमरावतीत अंबादेवीचं मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून १९२७ साली परिषद भरली आणि डॉ. आंबेडकर तिचे अध्यक्ष होते, तिथं राहणाऱ्या बाईला हे कसं रुचावं? खटला जिंकायला वकील हाताशी येईल ते हत्यार उचलतो, हे कळतं. तरी खटकतंच.

आणि ते हत्यार चाललंही नाही. १९ फेब्रुवारी १९२३ ला कोर्टानं सांगितलं, पुस्तकं काहीही म्हणोत, साधा अमेरिकन माणूस ज्याला गोरा समजत नाही तो गोरा नाही. झालं! ज्या हिंदी लोकांना आधीच नागरिकत्व मिळालं होतं, त्यांचंही काढून घ्यायला सरकार निघालं. त्या यादीत खुद्द वकीलसाहेबही होते.

नागरिकत्व जाणं म्हणजे नुसता एक कागद जाणं नव्हे. कॅलिफोर्नियात ज्यांना नागरिक होता येत नव्हतं, त्यांना शेतजमीन घेता येत नसे. पंडितांची तर वकिलीही गेली असती. आणि लिलियन? तिथंच जन्मलेली, तिथंच वाढलेली. पण नागरिक होण्यास अपात्र अशा परदेशी माणसाची बायको म्हणून तिचंही नागरिकत्व धोक्यात. नवऱ्याचं नाव खोडलं की बायकोचंही खोडलं. आमच्या कामात रेशन कार्डासाठी आलेली एक मुलगी आठवते. माहेरच्या कार्डावरून नाव कमी झालेलं, सासरच्या कार्डावर चढलेलं नाही. सहा महिने ती कुठल्याच कागदावर नव्हती. लिलियनचं वाचताना तीच डोळ्यांपुढं आली.

या वेळी पंडितांनी रक्ताचा विषयच बाजूला ठेवला. मांडणी सरळ केली. १९१४ साली सरकारसमोर निकाल लागला, सरकारनं अपील केलं नाही. त्या निकालावर विश्वास ठेवून मी वकील झालो, लग्न केलं, घर घेतलं. आता इतक्या वर्षांनी तेच उकरून कसं काढता? आपल्याकडं धुऱ्याच्या भांडणात एकदा कोर्टाचा निकाल लागला आणि अपिलाची मुदत गेली, की तोच दावा पुन्हा लावता येत नाही, तसंच हे. लॉस एंजेलिसच्या फेडरल कोर्टात ते जिंकले, १९२६ मध्ये अपिलातही जिंकले. १९२७ मध्ये सुप्रीम कोर्टानं सरकारचं म्हणणं ऐकायलाच नकार दिला आणि सरकारनं बाकीचे खटलेही सोडून दिले.

सगळ्यांच्या वेळेत मात्र हे झालं नाही. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णोदास बगाई यांचं नागरिकत्व आधीच गेलं होतं. हिंदुस्थानात नातेवाइकांना भेटायला जायचं तर अमेरिकेचा पासपोर्ट मिळेना. मार्च १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. त्यांची पत्नी कला तीन मुलांना घेऊन मागं राहिली. याच कुटुंबाला पूर्वी बर्कलेत घेतलेल्या घरात शेजाऱ्यांनी पाऊल टाकू दिलं नव्हतं. कलाताईंनी मुलांना शिकवलं आणि त्या तिथंच राहिल्या. २०२० साली बर्कलेच्या नगर परिषदेनं एका रस्त्याला त्यांचं नाव दिलं.

हिंदी लोकांना नागरिक होण्याचा हक्क कायद्यानं मिळाला तो १९४६ साली, आणि तेव्हाही नव्यानं तिकडं जाणाऱ्यांचा कोटा वर्षाला फक्त शंभर. पंडित १९५९ साली वारले.

नणंदेला हे सगळं फोनवर सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, वहिनी, त्या लिलियनचं आणखी काही सापडलं तर सांगा बरं.